सर्वांत कमी दर भरूनही टेंडर हातचं का जातं? निविदा कशा तपासतात, समजून घ्या

‘आमचा दर सर्वांत कमी होता, तरी काम दुसऱ्यालाच दिलं.’ टेंडरचा निकाल लागला की ही तक्रार हमखास ऐकू येते. मग दोन आकडे शेजारी शेजारी ठेवलेली पोस्ट फिरते आणि खाली ‘सेटिंग’ हा शब्द येतो. कधी ते खरंही असतं. पण अनेकदा कमी दराच्या निविदेचा आर्थिक लिफाफा उघडलेलाच नसतो, किंवा त्या निविदेत दराला शंभरपैकी तीसच गुण असतात.

सरकारी कार्यालय, महापालिका, खासगी कंपनी किंवा गृहनिर्माण संस्था, कोणीही खरेदीदार असो, आलेले प्रस्ताव तो एका ठरलेल्या क्रमाने तपासतो. हा क्रम कळला तर छोट्या पुरवठादाराला आपली निविदा का बाद झाली ते समजतं आणि नागरिकाला नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळतं.

नियम कुठे लिहिलेले असतात?

केंद्र सरकारच्या खरेदीचा पाया म्हणजे सामान्य वित्तीय नियम २०१७. त्यांच्या आधारे वित्त मंत्रालयाने वस्तू, बांधकामं आणि सल्लागार सेवा यांच्या खरेदीसाठी वेगवेगळ्या मार्गदर्शिका काढल्या आहेत. महाराष्ट्रात कार्यालयीन खरेदीसाठी उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने नियमपुस्तिका लागू झाली. सार्वजनिक बांधकाम विभागाची कामांच्या निविदांसाठी स्वतंत्र पद्धत आहे.

या सगळ्यांत एक तत्त्व समान आहे. निविदेची छाननी कोणत्या निकषांवर होणार, ते निविदा कागदपत्रांत आधीच लिहिलेलं असलं पाहिजे आणि छाननी त्याच निकषांवर झाली पाहिजे. निविदा उघडल्यावर नवा निकष आणता येत नाही आणि लिहिलेला निकष सोडूनही देता येत नाही.

हे तत्त्व खरेदीदाराचे हात बांधतं. समितीतल्या सदस्याला एखादी कंपनी चांगली आहे हे स्वतःच्या अनुभवाने माहीत असलं, तरी कागदावर पुरावा नसेल तर तो गुण देऊ शकत नाही. उद्या लेखापरीक्षक विचारेल, हरलेला निविदाकार न्यायालयात जाईल, तेव्हा प्रत्येक गुणामागचा कागद दाखवावा लागतो.

पहिली चाळणी: तांत्रिक लिफाफा

मोठ्या खरेदीत सहसा दोन लिफाफ्यांची पद्धत असते. पूर्वी ही खरोखरची मोहोरबंद पाकिटं असायची. आता महाराष्ट्राच्या ‘महाटेंडर्स’सारख्या पोर्टलवर डिजिटल स्वाक्षरी करून फाइली चढवतात. पण नाव ‘लिफाफा’च राहिलं आहे. पहिल्यात पात्रतेची आणि तांत्रिक कागदपत्रं असतात, दुसऱ्यात फक्त दर.

आधी पहिला लिफाफा उघडतात. त्यात साधारण तीन गोष्टी तपासल्या जातात.

*कागदपत्रं पूर्ण आहेत का?* बयाणा रक्कम भरली आहे का, जीएसटी नोंदणी, शपथपत्र, अधिकारपत्र जोडलं आहे का, निविदा किती दिवस वैध राहील ते मान्य केलं आहे का. सामान्य वित्तीय नियमांनुसार बयाणा रक्कम खरेदीच्या अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के असते. निविदेची वैधता संपण्याआधी माघार घेतली तर ही रक्कम जप्त होते.

*निविदाकार पात्र आहे का?* इथे उलाढाल आणि अनुभव पाहतात. केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ मध्ये कामांच्या निविदांसाठी दिलेलं प्रमाण आजही अनेक निविदांत दिसतं. मागच्या तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित किमतीच्या किमान ३० टक्के हवी. शिवाय तशाच प्रकारची पूर्ण केलेली तीन कामं प्रत्येकी ४० टक्के किमतीची, किंवा दोन कामं प्रत्येकी ५० टक्क्यांची, किंवा एक काम ८० टक्क्यांचं हवं. म्हणजे १ कोटी रुपयांच्या कामासाठी ३० लाखांची सरासरी उलाढाल, आणि ४० लाखांची तीन, ५० लाखांची दोन किंवा ८० लाखांचं एक काम केल्याचा दाखला.

*देऊ केलेला माल किंवा सेवा मागणीप्रमाणे आहे का?* निविदेत पाच वर्षांची हमी मागितली असेल आणि प्रस्तावात तीन वर्षं लिहिली असतील, तर यंत्र कितीही उत्तम असलं तरी प्रस्ताव मागणीशी जुळत नाही.

या टप्प्यावर निकाल ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ एवढाच असतो. थोडक्यात हुकलेल्याला अर्धे गुण मिळत नाहीत. जो अपात्र ठरतो त्याचा आर्थिक लिफाफा उघडतच नाहीत. त्याने सर्वांत कमी दर भरला होता की नाही, हे खरेदीदाराला अधिकृतपणे कधी कळतही नाही.

एक कागद राहिला, तर सगळंच गेलं का?

प्रत्येक वेळी नाही. नियम दोन प्रकारच्या त्रुटी वेगळ्या मानतात. किरकोळ त्रुटी, जिचा दरावर, दर्जावर किंवा इतर निविदाकारांवर परिणाम होत नाही, ती समिती माफ करू शकते. मूलभूत त्रुटी माफ करता येत नाही.

राहिलेला कागद मागवायचा असेल, तर तो निविदा उघडण्याच्या तारखेआधीपासून अस्तित्वात होता का, हा प्रश्न कळीचा ठरतो. जुन्या कामाचा पूर्णत्वाचा दाखला जोडायचा राहिला, तर खरेदीदार तो मागवू शकतो, कारण ते काम आधीच झालेलं आहे. पण बयाणा रक्कमच भरली नव्हती आणि ती नंतर भरू द्या म्हटलं, तर इतरांवर अन्याय होतो. स्पष्टीकरण मागवताना दर किंवा देऊ केलेल्या गोष्टीचं स्वरूप बदलू देता येत नाही.

एक बाब लक्षात ठेवायला हवी. कागद मागवण्याची मुभा खरेदीदाराला असते. तो मागवेलच असं गृहीत धरून निविदा भरणं धोक्याचं आहे.

दुसरी चाळणी: दर

पात्र ठरलेल्यांचे आर्थिक लिफाफे उघडले की तुलनात्मक तक्ता तयार होतो. सर्वांत कमी दराच्या निविदाकाराला ‘एल-१’ म्हणतात, त्यानंतरच्याला ‘एल-२’. ठरावीक दर्जाच्या वस्तू आणि नेहमीची बांधकामं यांत सहसा एल-१ लाच काम मिळतं.

पण ‘कमी दर’ म्हणजे नेमका कोणता आकडा? एक उदाहरण घेऊ. ‘अ’ने एक यंत्र ५ लाखांना देऊ केलं आणि वार्षिक देखभाल ६० हजार सांगितली. ‘ब’चं यंत्र ५ लाख ६० हजारांचं, पण देखभाल ३० हजारांची. यंत्राची किंमत पाहिली तर ‘अ’ स्वस्त. पाच वर्षांची देखभाल धरली तर ‘अ’चा खर्च ८ लाख होतो आणि ‘ब’चा ७ लाख १० हजार. देखभाल धरायची की नाही, हे निविदेत लिहिलेलं असतं. कर, वाहतूक आणि बसवण्याचा खर्च यांचंही तसंच.

आकडेमोडीच्या चुकांसाठीही ठरलेले नियम असतात. एकक दर आणि एकूण रक्कम जुळत नसेल, तर सर्वसाधारणपणे एकक दर खरा धरतात. अंकी आणि अक्षरी रक्कम वेगळी असेल, तर अक्षरी ग्राह्य धरतात.

केंद्राच्या खरेदीत एल-१ ला पूर्ण मागणी मिळेलच असंही नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार, असा उद्योग एल-१ पेक्षा १५ टक्क्यांपर्यंत महाग असेल आणि एल-१ च्या दराने माल द्यायला तयार असेल, तर मागणीचा ठरावीक वाटा त्याला देता येतो. एकूण वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी अशा उद्योगांकडून व्हावी, असं उद्दिष्ट आहे. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. त्यामुळे एल-१ नसलेल्या उद्योगाला काम मिळालेलं दिसलं, तर हे धोरण लागू होतं का, ते आधी पाहावं.

दर्जाला गुण असतात तेव्हा

पुलाचा आराखडा, शहराचा विकास आराखडा, संगणक प्रणालीची रचना अशी कामं केवळ दरावर देणं महागात पडू शकतं. अशा वेळी दर्जा आणि किंमत दोन्हींना गुण देतात. याला ‘क्यूसीबीएस’ पद्धत म्हणतात. सल्लागार सेवांसाठी ती पूर्वीपासून वापरात आहे. २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी वित्त मंत्रालयाने काही अटींवर ती बांधकामं आणि इतर सेवांनाही खुली केली. मात्र तिथे दर्जाच्या निकषांना जास्तीत जास्त ३० टक्के भार देता येतो.

भार कसा काम करतो ते पाहू. समजा तीन प्रस्ताव आले:

- पहिला: तांत्रिक गुण ९०, दर ५० लाख
- दुसरा: तांत्रिक गुण ८०, दर ४२ लाख
- तिसरा: तांत्रिक गुण ७५, दर ४० लाख

सर्वांत कमी दराला १०० आर्थिक गुण मिळतात. इतरांचे गुण त्या प्रमाणात कमी होतात. ४० लाखांना ५० लाखांनी भागून शंभरने गुणलं की पहिल्याला ८० मिळतात. दुसऱ्याला ९५.२४ आणि तिसऱ्याला पूर्ण १००.

आता दर्जाला ७० आणि दराला ३० टक्के भार दिला, तर एकूण गुण असे होतात: पहिला ८७, दुसरा ८४.५७, तिसरा ८२.५. सर्वांत महाग प्रस्ताव जिंकला.

भार उलटा केला, दर्जाला ३० आणि दराला ७०, तर पहिला ८३, दुसरा ९०.६७, तिसरा ९२.५. सर्वांत स्वस्त प्रस्ताव जिंकला आणि मघाचा विजेता शेवटच्या क्रमांकावर गेला.

प्रस्ताव तेच, दर तेच, गुणही तेच. बदललं फक्त निविदेतलं एक वाक्य, तेही कोणी दर भरण्याच्या आधी लिहिलेलं. म्हणून ‘महाग निविदा कशी जिंकली?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा निकालाच्या पत्रकात सापडत नाही. ते मूळ निविदेतल्या मूल्यमापनाच्या प्रकरणात असतं.

फार कमी दर आला की खरेदीदार का बिचकतो?

महाराष्ट्रात कामांच्या निविदांत ‘बिलो’ हा शब्द सर्रास वापरतात. ‘२५ टक्के बिलो’ म्हणजे अंदाजपत्रकीय दरापेक्षा २५ टक्के कमी. कागदावर हा सार्वजनिक पैशांचा फायदा दिसतो. पण इतक्या कमी दरात काम कसं होणार, हा प्रश्न उरतोच.

दर कमी येण्याची कारणं निरनिराळी असतात. कधी मूळ अंदाजपत्रकच फुगलेलं असतं. कधी कंत्राटदाराकडे यंत्रं आणि माणसं मोकळी असतात, त्यामुळे तो नफा सोडून काम घेतो. कधी डांबराचा थर पातळ करून किंवा नंतर वाढीव काम काढून तूट भरून काढायचा बेत असतो. पहिल्या दोन कारणांत जनतेचा फायदा आहे, तिसऱ्यात पुढच्या पावसाळ्यात रस्ता उखडतो.

म्हणून फार कमी दर आला की खरेदीदाराने निविदाकाराकडून लेखी स्पष्टीकरण आणि दरांचं पृथक्करण मागवावं, अशी अपेक्षा असते. सिमेंट कितीला घेणार, मजुरी किती धरली, यंत्राचं भाडं किती, हे मांडून दाखवावं लागतं. ते पटलं नाही तर निविदा नाकारता येते. महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांत ठरावीक मर्यादेपेक्षा कमी दर भरणाऱ्याकडून जादा सुरक्षा अनामतही घेतली जाते.

घासाघीस चालते का?

दुकानात चालते तशी नाही. निविदा उघडल्यावर वाटाघाटी करू नयेत, अगदी अपवादात्मक स्थितीत केल्याच तर फक्त एल-१ शी कराव्यात, असं केंद्रीय दक्षता आयोगाने मार्च २००७ च्या परिपत्रकात सांगितलं आहे. एल-२ ला बोलावून ‘तुम्ही किती कमी कराल?’ असं विचारणं बसत नाही. तशी मुभा असती, तर पहिल्या फेरीत कोणीही खरा दर सांगितला नसता.

एकच निविदा आली तर? अनेकांना वाटतं की ती आपोआप रद्द होते. २०२१ च्या सूचनांनुसार प्रसिद्धी पुरेशी झाली असेल, अटी विनाकारण जाचक नसतील आणि दर वाजवी असेल, तर एकमेव निविदाही स्वीकारता येते.

खासगी खरेदीदार वेगळा कसा?

खासगी कंपनीला एल-१ चं बंधन नसतं. ती दोन-तीन पुरवठादारांशी बोलून दर खाली आणू शकते, जुन्या संबंधांना महत्त्व देऊ शकते आणि कारण न सांगता नाही म्हणू शकते. तरी तपासणीचा क्रम फारसा बदलत नाही. आधी हा पुरवठादार वेळेवर माल देईल का, उद्या बंद तर पडणार नाही ना, हे पाहतात. मग गरज भागते का आणि शेवटी किंमत. निर्णय घेणारेही अनेक असतात. वापरणाऱ्या विभागाला सोय हवी असते, लेखा विभागाला उधारीची मुदत महत्त्वाची वाटते, खरेदी विभागाला दर.

गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासात तर सगळे सभासदच खरेदीदार असतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खालच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांत प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमणं, निविदा मागवणं आणि सर्वसाधारण सभेने विकासक निवडणं, असा क्रम दिला आहे. तिथे सर्वांत जास्त चटईक्षेत्र देऊ करणाराच निवडला पाहिजे असं नाही. भाडं वेळेवर मिळेल का आणि इमारत पूर्ण होईल का, हेही सभासदांना तोलावं लागतं.

निविदा भरणाऱ्याने काय करावं?

- दराचा तक्ता भरण्याआधी मूल्यमापनाचे निकष वाचा. गुण कशाला आहेत ते कळलं की मेहनत कुठे करायची ते कळतं.
- प्रत्येक निकषासमोर पुराव्याचा कागद आणि पान क्रमांक लिहिलेला तक्ता जोडा. समितीपुढे गठ्ठेच्या गठ्ठे असतात. शोधावा लागणारा पुरावा नजरेतून सुटू शकतो.
- ‘आमचा प्रदीर्घ अनुभव आहे’ या वाक्याला गुण नाहीत. काम कोणाचं, किती रकमेचं, कधी पूर्ण केलं आणि दाखला कुठे आहे, याला आहेत.
- अट जाचक किंवा संदिग्ध वाटली, तर निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा. सगळ्यांना लागू होणारं शुद्धिपत्रक त्यातूनच निघतं. निकालानंतर अटीवर तक्रार केली, तर ‘तेव्हा का बोलला नाहीत?’ हा प्रश्न येतो.
- शेवटच्या तारखेपर्यंत शुद्धिपत्रकं पाहत राहा. दराचा तक्ता बदललेला असताना जुना भरला, तर निविदा बाद होऊ शकते.
- स्वतःच्या अटी दराला जोडू नका. ‘आगाऊ रक्कम मिळाल्यास’ असं लिहिलेला दर सशर्त ठरतो.

आणि नागरिकाने काय पाहावं?

खरा गैरप्रकार बहुतेक वेळा दर उघडताना होत नाही, कारण तिथे सगळ्यांची नजर असते. तो अटी लिहिताना होतो. कामाशी संबंध नसलेलं प्रमाणपत्र, गरजेपेक्षा कितीतरी जास्त उलाढाल, एकाच कंपनीच्या यंत्राला जुळणारं तांत्रिक वर्णन, निविदा भरायला दिलेली अपुरी मुदत: शंका घ्यायची तर ती इथे घ्यावी.

न्यायालयंही प्रक्रियेवर नजर ठेवतात. टाटा सेल्युलर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्पष्ट केलं, की न्यायालय निविदेच्या निर्णयावर अपिलात बसल्यासारखं फेरविचार करणार नाही, निर्णयापर्यंत पोहोचण्याची प्रक्रिया तपासेल. म्हणजे ‘माझा प्रस्ताव जास्त चांगला होता’ हा युक्तिवाद सहसा टिकत नाही. ‘लिहिलेल्या निकषाप्रमाणे तपासणी झाली नाही’ हा टिकू शकतो.

त्यामुळे पुढच्या वेळी दोन दरांची तुलना करणारी पोस्ट समोर आली, तर शेअर करण्याआधी चार गोष्टी विचारा. कमी दराचा निविदाकार तांत्रिक लिफाफ्यात पात्र ठरला होता का? निवड केवळ दरावर होती की गुणांवर? दोन्ही आकड्यांत कर आणि देखभाल सारखीच धरली आहे का? आणि अटी कोणाला बाहेर ठेवत होत्या? निविदेची सूचना आणि छाननीचे टप्पे पोर्टलवर पाहता येतात. प्रक्रिया संपल्यावर तुलनात्मक तक्ता आणि समितीचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागता येतं. कोणाची व्यापारी गुपितं त्यात असतील, तर तेवढा भाग कलम ८(१)(घ) नुसार वगळला जाऊ शकतो. ही कागदपत्रं हातात असली की तक्रारीला वजन येतं, आणि उत्तर देताना संबंधित कार्यालयालाही मोघम बोलून सुटता येत नाही.